ब्रश अडायचा ती जागा

पार्सल घेऊन आलेल्या माणसाला बिरदेवनं ओट्याच्या खालीच थांबवलं. खोकं हातात घेऊन हलवून बघितलं, चारी बाजूंची चिकटपट्टी तपासली, वरचं नाव बोट फिरवत वाचलं आणि मगच सही केली. हरणाबाई पलीकडे शेळ्यांना पाला टाकत होती. तिला यात काही नवल वाटलं नाही. भिवंडीला कापडाच्या एका गोदामाच्या गेटावर तिच्या नवऱ्याची सगळी नोकरी झाली होती. कामगार सुटले की त्यांचे डबे, पिशव्या, कधी पायातले बूटसुद्धा उघडून बघायचे, हेच त्याचं काम. निवृत्त होऊन तो म्हसवडला आला, गावाबाहेर माणगंगेच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या, वर पाण्याची टाकी बसवली. पण ते गेट काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दूधवाल्याचं माप तो रोज बघायचा. हरणाबाई माहेरी फोन लावायची तेव्हा त्याचं टीव्हीकडचं लक्ष उडायचं.

"राजूनं काय पाठवलंय?" तिनं विचारलं.

"तेच बघायचंय. आनि कशापायी पाठवलंय, ते बी."

खोक्यातून एक लांब दांडा निघाला. टोकाला तळहाताएवढा गोल ब्रश, मऊ पांढऱ्या केसांचा, आणि दांड्याच्या मागून निघालेली गुंडाळलेली नळी. सेल घालायची जागा नव्हती, वायर नव्हती. बिरदेवनं तो उलटासुलटा करून बघितला आणि पुण्याला मुलाला फोन लावला.

"आबा, त्याला लाइट लागत नाही," राजू म्हणाला. "नळी नळाला जोडायची. पाण्याच्या दाबावर आतली चक्री फिरते आणि तिच्यासंगं ब्रश फिरतो. तुमचा हात पाठीला पोचत नाही म्हणत होता ना, म्हणून घेतला."

ते खरंच होतं. बिरदेवचा उजवा खांदा वर्षभर आखडला होता. माणच्या कोरड्या वाऱ्यानं पाठ खाजायची आणि हात काही मागं जायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षांत हरणाबाई त्याची पाठ चोळून द्यायची, पण पुढं इतकी वर्षं तो भिवंडीला एकटा राहिला, की न्हाणीचं दार आतून लावून अंघोळ करायची सवय लागली होती. या वयात बायकोला आत बोलवायची त्याला लाज वाटायची.

"बरं केलंस," तो फोनवर म्हणाला. फोन ठेवला आणि हरणाबाईकडं वळून म्हणाला, "दिवाळीत रानाच्या वाटणीचं इचारत हुता. आता बुरूश पाठवतोय."

"पोरगं मायेनं पाठवतंय. त्यात बी तुमाला रानच दिसतंय."

"दिसतंय तर काय डोळं झाकू?"

ब्रश जोडायला यासीन आला. बसस्टँडाजवळ त्याचं नळ-पाइपाचं दुकान होतं, आणि या घराची सगळी पाइपलाइन त्यानंच टाकलेली होती. स्वभावानं शांत, हाताला स्वच्छ माणूस. तो पान्यानं जोड आवळत होता आणि बिरदेव न्हाणीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता.

"जुना वायसर कुठं गेला?" बिरदेवनं विचारलं.

यासीननं खिशातून रबराची झिजलेली चकती काढून त्याच्या हातावर ठेवली. "हा घ्या, नाना. टाकणारच हुतो." मग त्यानं नळ सोडला. घर्रर्र आवाज झाला आणि ब्रश पाणी उडवत गरगर फिरायला लागला. "टाकी भरलेली असली की जोरात फिरंल. पाणी कमी झालं की सुस्त हुईल. दाबावरच सगळा खेळ हाय याचा."

पहिल्या अंघोळीनंतर बिरदेव बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा निवळला होता. "बरं हाय," एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी चहाच्या आधीच अंघोळीला जायला लागला. दाराआडून घरघर यायची, मधूनच त्याचा सुटकेचा हुंकार यायचा. नळाला पाणी रोज येत नव्हतं, म्हणून हरणाबाईचा जीव टाकीतल्या पाण्यात अडकलेला असायचा. तरी तिनं त्याला अडवलं नाही. खाज सुटली की हा माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचा, ते बघण्यापेक्षा हे बरं होतं.

आठवडाभरानं त्याची कुरबूर सुरू झाली.

"मधीच बंद पडतंय."

"काय?"

"बुरूश. फिरतोय, फिरतोय, आनि मधीच गप. जरा सरकवला की पुन्यांदा चालू."

"टाकीत पानी कमी असंल."

"टाकी काठोकाठ हाय. मी वर जाऊन बघून आलो."

मग त्याचा तपास चालू झाला. त्यानं नळीला कुठं पीळ पडलाय का बघितलं. गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली. शेजारच्या तानुबाईच्या न्हाणीला आपल्या लाइनीतून चोरून जोड दिलाय का, म्हणून भिंतीच्या कडेनं माती उकरून बघितली. काही सापडलं नाही. मग तो यासीनवर आला. यासीननं जोडाच्या आत काहीतरी हलकं घातलं असणार, वापरलेला माल नवा म्हणून बसवला असणार. नव्या वायसराबद्दल तर त्याला पहिल्या दिवसापासूनच खात्री नव्हती.

हरणाबाईनं ते कानाआड केलं. पण मग एके सकाळी धुण्यात त्याचा बनियन तिच्या हाती आला. पाठीच्या बाजूला, उजव्या खांद्याच्या खाली, रक्ताचा डाग होता. जुना वाळलेला आणि त्यावर ताजा.

"आवं, पाठीला काय लागलं तुमच्या?"

"कुठं काय?"

"रगात हाय बनियनला."

"ढेकूण असंल गादीत," तो म्हणाला. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडावरून कळलं.

तिनं त्याला बनियन काढायला लावला. उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक फिकट चट्टा होता. तो तिनं मागं कधीतरी बघितला होता आणि शिबं असेल म्हणून सोडून दिला होता. आता तो चट्टा वाढून हाताच्या पंजाएवढा झाला होता, आणि त्याच्या मधोमध कातडी सोलपटून लाल झाली होती. एवढं सोललं असेल तर माणूस रात्रभर तळमळेल. आणि हा तर रोज घोरत होता.

"दुखत न्हाई?"

"काय दुखायचं? तू आता आत चल. बुरूश कसा अडतो ते तूच बघ. म्हंजे मी बोललो की यासीनची बाजू घ्यायचं बंद करशील."

ती न्हाणीत गेली. तो पाटावर पाठ करून बसला. तिनं दांडा धरला, त्यानं नळ सोडला. ब्रश फिरायला लागला. तिनं तो डाव्या खांद्यावर टेकवला.

"हां, चालू हाय," तो म्हणाला.

ती मणक्यावरून खाली आली. "चालू," तो म्हणाला. कमरेवर नेला, "चालू." मग उजवीकडं सरकवत तिनं ब्रश त्या चट्ट्याच्या कडेवर आणला, सोललेल्या जागेला न लावता, अगदी हलक्या हातानं.

"बघ, पडला बंद."

हरणाबाईच्या हातात दांडा थरथरत होता. ब्रश फिरत होता. केस त्याच्या कातडीवर गोल गोल घासत होते, पाण्याचे शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडत होते, घरघर तिच्या कानात येत होती. फक्त त्याला ते कळत नव्हतं.

"पडला का न्हाई?" तो पुन्हा म्हणाला. नळाचा आवाज होता, चक्रीचा होता. पण पाठीवर जे लागत नाही ते फिरत नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "थांबलाय."

आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाही लगेच सांगता आलं नसतं. तिनं नळ बंद केला, दांडा खुंटीला लावला आणि बाहेर येऊन चुलीपाशी बसली. तिच्या डोळ्यांसमोर आकाराममामा आला.

आकाराम तिच्या आईचा भाऊ. मेंढरं राखणारा, उंच, खांद्यावर घोंगडं. एकदा त्याचा पाय निखाऱ्यावर पडला आणि पायाला फोड आला तरी तो बसून बोलतच राहिला. तेव्हा सगळे हसले होते. पुढं बोटं वाकली, आणि घरातली माणसं हसायची थांबली. रगतपिती झाली, असं आजी कुजबुजत म्हणाली, आणि त्याला रानाच्या कडेला खोपट बांधून दिलं. लहान हरणा रोज त्याची भाकरी घेऊन जायची. भाकरी दगडावर ठेवायची, मागं सरायची, मग तो पुढं यायचा. त्यानं तिला एकदा जवळ बोलावलं होतं, तेव्हा ती पळाली होती.

जखमेला तेल लावायच्या निमित्तानं तिनं दुसऱ्या दिवशी बिरदेवला ओट्यावर बसवलं. त्याच्या हातात मोबाइल दिला, राजूनं पाठवलेला नातीचा व्हिडिओ लावून दिला. मग पदराची पिन काढली. आधी मानेखाली हळूच टोचली. तो चटकन वळला. "काय चावलं गं?" "मुंगी," ती म्हणाली आणि झटकल्यासारखं केलं. थोड्या वेळानं तिनं पिनेचं टोक त्या चट्ट्यावर टेकवलं, जरा दाबलं. बिरदेव नातीचं नाचणं बघून हसत होता.

त्या दिवसापासून हरणाबाईचं घरातलं वागणं बदललं. आयुष्यात तिनं कुणावर संशय घेतला नव्हता. आता ती नवऱ्याकडं चोरून बघायला लागली. तो कप कसा धरतो. चपलेत पाय घालताना अंगठा वळतो का. चुलीजवळ बसला की तिचं लक्ष त्याच्या बोटांवर. तेल लावून झालं की ती साबणानं हात धुवायची, कोपरापर्यंत, दोनदा. आणि एके संध्याकाळी तिनं आपलं अंथरूण आतल्या खोलीतून उचलून बाहेरच्या खोलीत टाकलं. "आत उकडतंय," ती म्हणाली. स्वतःची तिला किळस आली, पण अंथरूण काही तिनं परत आत नेलं नाही.

गेटावरच्या माणसापासून हे लपणार कसं? पण त्याला जे दिसलं त्याचा अर्थ त्यानं आपल्या पद्धतीनं लावला.

"राजूचा फोन आला हुता का तुला?"

"न्हाई."

"मग माज्याकडं काय बघत असतीस सारखं? माझा जीव किती राह्यलाय ते मोजतीस व्हय?"

"काय बी बोलू नका."

"रानाच्या कागदावर सही हवी असंल तर सरळ सांगा. मायलेकरांनी मिळून असले खेळ करू नका."

त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. त्याचा संशय खोटा होता, पण हरणाबाई काहीतरी लपवतेय, एवढं मात्र त्यानं बरोबर ओळखलं होतं.

तिला खरा चटका बसला तो यासीनमुळं. बिरदेवनं आठवडी बाजारात, चार माणसांत, सांगायला सुरुवात केली होती की यासीननं बनावट माल बसवून म्हाताऱ्या माणसाची पाठ सोलली. बनियन वर करून तो जखमसुद्धा दाखवायचा. ते कानावर आलं तसा यासीन स्वतःच घरी आला. बिरदेव रानात गेला होता. यासीननं न्हाणीत जाऊन ब्रश चालू केला, स्वतःच्या हातावर, दंडावर, मानेवर फिरवून बघितला. जोड उघडला, वायसर बघितला, परत बसवला.

"काकी, बिघाड कायच न्हाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तो तिच्याकडं बघत नव्हता. "नानांचा सोभाव मला ठाव हाय. पर काल दोन गिऱ्हाइकं अर्ध्यातनं उठून गेली. तुमी सवता बघितलं का, बुरूश अडताना?"

हरणाबाई म्हणाली, "मी बघते काय ते. जरा दम धर, बाबा."

त्या दुपारी तिनं ठरवलं. डॉक्टरकडं चला, असं म्हटलं असतं तर तो गेला नसता. डॉक्टर लोकांवर तर त्याचा दूधवाल्यापेक्षाही कमी विश्वास. म्हणून संध्याकाळी भाकरी वाढताना ती सहज बोलल्यासारखं बोलली.

"यासीन आला हुता. म्हनतो, बुरूश चांगला हाय, नानाच कांगावा करत्यात."

बिरदेवचा घास हातातच राहिला. "असं म्हनला?"

"मग काय. पुरावा काय हाय आपल्याकडं? उद्या कंपनीवाला बी असंच म्हनंल. सरकारी डॉक्टरानं लिहून दिलं, की ही जखम बुरशानं झालीया, तर मग कुनी बोलायचं न्हाई."

तो विचारात पडला. त्याला ते पटलं, हे तिला दिसत होतं. "म्हसवडच्या दवाखान्यात जाऊ सकाळी," तो म्हणाला.

"हितं नको. दहिवडीला जाऊ."

"का?"

हे तिनं आधीच योजून ठेवलं होतं. म्हसवडला सगळे ओळखीचे, कुणी काही ऐकलं तर गावभर व्हायचं. पण ते सांगता येत नव्हतं. "हितल्या दवाखान्याचं नळाचं काम यासीनकडंच असतंय," ती म्हणाली. "त्यांची वळख."

बिरदेवनं तिच्याकडं कौतुकानं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायको आपल्यासारखा विचार करायला लागली, असं त्याला वाटलं असावं.

दहिवडीला सरकारी दवाखान्यात रांग होती. बिरदेव पिशवीत ब्रश घेऊन आला होता, सगळी नळी गुंडाळून. डॉक्टर तरुण बाई होती, आवाज मऊ. त्यानं तिच्या टेबलावर ब्रश ठेवला आणि सगळी कर्मकहाणी सांगितली: मुलानं पाठवला, यासीननं बसवला, मधेच अडतो, आणि अडतो तिथंच पाठ सोलतो. "तेवढं लिहून द्या," तो म्हणाला. "शिक्क्यासकट."

"शर्ट काढा, काका."

तिनं पाठ बघितली, आणि हरणाबाईला दिसलं की तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं कापसाचा बोळा घेतला, त्याचं टोक वळून बारीक केलं. "डोळे मिटा. मी जिथं लावेन तिथं बोट दाखवा." ती मानेला लावायची, तो दाखवायचा. कमरेला लावायची, तो दाखवायचा. चट्ट्यावर तिनं तीन-चार वेळा लावलं. बिरदेव डोळे मिटून वाट बघत बसला होता. "लावा की," तो म्हणाला.

डॉक्टरनं मग त्याचे कोपर चाचपले, पायांच्या नसा बघितल्या, हाताची बोटं पसरायला लावली. हरणाबाई भिंतीला टेकून उभी होती.

"काका, ब्रश चांगला आहे," डॉक्टर म्हणाली. "तो थांबत नाही. तुमच्या पाठीवर एवढ्या जागेत तुम्हाला कळत नाही, म्हणून थांबल्यासारखा वाटतो. तुम्ही जास्त दाबून घासत गेलात आणि जखम झाली. हा कुष्ठरोगाचा डाग आहे. लवकर सापडलाय. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने घ्यायच्या, पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की दुसऱ्याला होत नाही. घरात वेगळं ताट, वेगळं अंथरूण, असलं काही करायचं नाही."

बिरदेवनं टेबलावरच्या ब्रशाकडं बघितलं. मग शर्ट घातला, बटणं लावली. एक बटण चुकलं, ते परत काढून लावलं.

"आनि लिहून?" त्यानं विचारलं.

"काय लिहून देऊ?"

त्यानं ब्रश उचलून परत पिशवीत ठेवला.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. म्हसवडची वेस दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "तुला ठाऊक हुतं."

"व्हय."

"कवापास्नं?"

"बुरूश धरला हुता, त्या दिशी."

"आनि ती मुंगी?"

"पिन हुती."

तो मान हलवत राहिला. हजारो पिशव्या उघडून बघितलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली पिशवी दिसली नव्हती. "अंथरूण हालवलंस ते बी त्याच्यापायीच?"

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "भ्याले हुते मी."

घरी आल्यावर त्यानंच आपलं ताट वेगळं काढलं. तांब्या वेगळा, कांबळं वेगळं, आणि शेळ्यांच्या गोठ्याच्या कडेला बाज टाकली. डॉक्टरचं म्हणणं तिनं पुन्हा सांगितलं तर म्हणाला, "सरकारी मानूस असंच बोलतंय. फुकट औशद देत्यात म्हंजे त्यात काय असंल कुनास ठाव." तरी त्यानं पहिल्या गोळ्या घेतल्या. पुडक्यावरची तारीख उन्हात धरून वाचली आणि मग घेतल्या. थोड्या वेळानं मोरीकडून धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"रगात जातंय मला."

"रगात न्हवं त्ये. गोळीचा रंग हाय. डॉक्टरीन बाई बोलली हुती, पहिल्या दिशी लघवी लाल हुईल म्हनून. तुमी ऐकत न्हवता, बटनं लावत हुता."

"मला न्हाई बोलली. तुला सांगितलं. का?"

"लावा फोन. दवाखान्याचा नंबर हाय पुडक्यावर."

त्यानं खरंच फोन लावला, आणि समोरच्या नर्सकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मग उन्हात बाजेवर जाऊन बसला.

चार-पाच दिवस असेच गेले. तो ताट घेऊन गोठ्यापाशी जायचा, खाऊन ताट स्वतःच घासायचा. हरणाबाई ते बघत राहिली. एके दुपारी तिनं भाकरी वाढली, पण ताट त्याच्या हातात दिलं नाही. त्यातच आपल्यासाठी आमटी ओतली आणि बाजेवर त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"हे काय?"

"जेवा. गार हुतंय."

"हरणे, उगं हट्ट करू नगंस. तुला झालं म्हंजे?"

"मामाला मी दगडावर भाकरी ठिवायची," ती म्हणाली. आकारामचं नाव तिनं नवऱ्यासमोर याआधी कधी घेतलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं: निखारा, खोपट, आपलं पळून जाणं. "त्याला तवा औशद मिळालं न्हाई. तुमाला मिळालंय. मला भ्या वाटतंय, अजून बी वाटतंय, खोटं कशाला बोलू. पर तुमी हितं बसून जेवाय लागला तर मला ते खोपटच दिसतंय. ते मला बघवत न्हाई."

बिरदेवनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. ताटाच्या त्याच्याच बाजूला, काठाकाठानं. हरणाबाईनं त्याला तेवढं चालू दिलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून एक आरोग्यसेविका आली, लीलाबाई नावाची. तिनं हरणाबाईची पाठ, हात, पाय तपासले आणि काही नाही म्हणाली. खबरदारी म्हणून तिला एकदाच घ्यायच्या गोळ्या दिल्या. बिरदेव दारात उभा राहून बघत होता. गोळ्या गिळल्या की नाही हे बघायला त्यानं हरणाबाईला तोंड उघडायला लावलं. लीलाबाई हसली. हरणाबाईलाही हसू आलं, किती दिवसांनी.

लीलाबाई गेल्यावर तो म्हणाला, "यासीनकडं जायचंय."

"काय सांगनार?"

"चूक झाली म्हनून सांगायचं. एवढंच."

दोघं चालत गेली. दुकानात यासीन होता, आणि नळाची तोटी निवडत असलेलं एक गिऱ्हाईक. हरणाबाईला वाटलं, ते जाईपर्यंत हा थांबेल. तो थांबला नाही.

"यासीन, बुरूश बराबर हाय. मी बाजारात बोललो ते खोटं हुतं," बिरदेव म्हणाला. आवाज कोरडा होता, गेटावरून वर्दी दिल्यासारखा. "माज्या पाठीला कुष्ठरोगाचा डाग हाय. तितं मला कळत न्हाई. तुजं काय चुकलं न्हवतं. औशद चालू केलंय."

गिऱ्हाइकानं तोटी परत खोक्यात ठेवली आणि "येतो नंतर" म्हणून निघून गेलं. यासीन गल्ल्याच्या मागं उभा होता तसाच राहिला.

"डॉक्टर काय म्हनत्यात?" त्यानं विचारलं.

"बरं हुतंय म्हनत्यात. बघायचं."

"मग हुईल की, नाना. गोळी चुकवू नका."

बिरदेवनं हात पुढं केला. यासीनचा हात निघाला, आणि मधे कुठंतरी थांबला. अगदी क्षणभर. मग त्यानं तो पॅन्टला पुसला आणि बिरदेवचा हात हातात घेतला, दाबला, सोडला. हरणाबाईनं ते बघितलं. बिरदेवनंही बघितलंच असणार. डब्यातली चिंधी झाकणावरून ओळखणारा तो माणूस.

परत येताना ती वाट बघत राहिली. बसस्टँड मागं गेला, चावडी मागं गेली. आता हा बोलणार: बघितलंस का, हात कसा आखडला त्याचा. आता उद्यापासून यासीनच्या मागं नवं काहीतरी लावणार. देवळाच्या वाटेला लागल्यावर तो बोलला.

"हाताला ग्रीस हुतं त्याच्या."

हरणाबाईला ग्रीस कुठं दिसलं नव्हतं. वाटेत गवारवाली बसली होती, तिथं बिरदेव वाकला, शेंगा निवडायला लागला. बाईनं काटा उचलला तसा तो म्हणाला, "थांब. आधी रिकामा दाखव." बाई कुरकुरत रिकामा काटा धरून उभी राहिली, आणि हरणाबाईनं पिशवीचं तोंड उघडून पुढं केलं.